पेटी उघडा म्हणणारी आई

(संघटनेच्या महिला शिबिरात दुसऱ्या दिवशी दुपारी केलेलं भाषण. कार्यकर्तीनं नंतर स्वतः लिहून दिलं. मार्च १९९६.)



आयांनो, बहिणींनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या भावांनो,

सकाळपासून सात-बारा, दंडाच्या पावत्या, नेवाडच्या जमिनी यावर बोलणं चाललंय. ते महत्त्वाचंच आहे. पण मला जेवणानंतरची वेळ दिलीय, आणि ताई म्हणाल्या की असं बोल, कोणाला डुलकी लागता कामा नये. तर मी एका आईबद्दल बोलणार आहे. ती आपल्या तालुक्यातली नाही, आपल्या देशातली पण नाही. अमेरिकेतली आहे. तिचं नाव मेमी टिल. तिच्या एकुलत्या एक पोराला, चौदा वर्षांच्या एमेटला, १९५५ साली गोऱ्या माणसांनी हालहाल करून मारलं आणि नदीत टाकलं. तो काळा होता म्हणून.

अमेरिका म्हटल्यावर पुढच्या दोघीतिघी हसल्या. आम्हाला धुळ्याला जायला भाडं नाही आणि ही निघाली अमेरिकेला! पण मी तुम्हाला तिथल्या उंच बिल्डिंगांत नेत नाही, कापसाच्या रानात नेते. कापूस तर आपल्याला कळतो ना? वेचून वेचून बोटं कुणाची फाटतात आणि भाव कुणाच्या खिशात जातो, हे पण कळतं.

मला हे कसं माहीत, ते आधी सांगते, नाहीतर कोणी म्हणेल पोरगी बारावी शिकली आणि काहीही फेकते. गेल्या वर्षी मुंबईच्या मित्रांनी आपल्या ऑफिसात टीव्ही लावून एक कॅसेट दाखवली होती. इंग्रजी होती, ते थांबवून थांबवून सांगत होते. त्यात ही आई स्वतः बोलते. रडत नाही, शांत बोलते. मग मी त्यांच्याकडून कागद मागवले आणि डिक्शनरी घेऊन वाचत बसले. समजलं तेवढंच सांगते.

अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी नावाचं राज्य आहे. तिथं आफ्रिकेतून धरून आणलेल्या काळ्या माणसांकडून गोरे मालक कापूस पिकवून घ्यायचे. गुलाम म्हणजे अगदी बैलासारखा विकत घेतलेला माणूस. १८६५ साली गुलामी कायद्यानं बंद झाली. आपल्या जोतिबा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' पुस्तक लिहिलं, ते त्यांनी अमेरिकेतल्या त्या भल्या माणसांना अर्पण केलं, जी गुलामी मोडायला झटली होती. म्हणजे ही बातमी तेव्हा पुण्यापर्यंत आली होती. पण पुढचं ऐका. गुलामी गेली, जमीन कुठं गेली? कुठंच नाही, मालकाकडंच राहिली. युद्ध संपत आलं तेव्हा एका सेनापतीनं हुकूम काढला होता की समुद्रकाठच्या जमिनी काळ्यांच्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकरांपर्यंत द्या. काही कुटुंबांनी नांगर पण घातला. त्याच वर्षी नवा राष्ट्राध्यक्ष आला आणि त्यानं त्या जमिनी जुन्या मालकांना परत दिल्या. पट्टा देतो म्हणायचं, माणसानं दगड वेचून रान तयार करायचं, आणि मग फॉरेस्टवाला येऊन म्हणणार की हे तुझं नाही. आपल्याला हे शिकवायला नको.

मग काळी माणसं काय करणार? निम्म्या बटाईनं मालकाचंच रान करू लागली. बियाणं मालकाचं, खावटी मालकाच्या दुकानातून, हिशेबाची वही मालकाची. वर्षाच्या शेवटी वहीत कायम उलटी बाकी. आपल्या सालदाराची वही बघा, तीच.

मेमीचा जन्म मिसिसिपीचाच, पण ती दोन वर्षांची असताना आईबाप तिला घेऊन उत्तरेत शिकागोजवळ गेले. बापाला कारखान्यात काम मिळालं. उत्तरेत सगळं छान होतं असं नाही, तिथंही काळ्यांची वस्ती वेगळीच. पण तिथं मालकाच्या वहीत माणूस अडकलेलं नव्हतं. मेमी शिकली, सरकारी कचेरीत कारकून झाली. नवऱ्याशी पटलं नाही, वेगळी झाली. नवरा पुढं सैन्यात गेला तो परत आला नाही. एमेटला तिनं आणि तिच्या आईनं वाढवलं. त्याला लहानपणी पोलिओ झाला होता, त्यातून वाचला पण बोलताना अडखळायचा. घरचं सगळं काम करायचा, लोकांना हसवायचा.

१९५५ च्या ऑगस्टमध्ये तिच्या आईकडचे एक नातेवाईक, मोझ राईट, शिकागोला आले. चौसष्ट वर्षांचा म्हातारा, मिसिसिपीत मनी नावाच्या गावाजवळ बटाईनं कापूस करायचा. त्यांच्याबरोबर सुट्टीत गावी जायचं म्हणून एमेटनं हट्ट धरला. आई भीत होती. तिनं त्याला बसवून सांगितलं, तिकडं गोरा माणूस समोर आला तर मान खाली घाल, वर बघू नकोस, गुडघे टेकायची वेळ आली तर टेक. आपण पण पोरांना बाजाराला धाडताना हेच सांगतो. शेठच्या दुकानात मोठ्यानं बोलू नको, ओट्यावर बसू नको. निघताना तिनं त्याच्या हातात बापाची अंगठी दिली. तिच्यावर बापाच्या नावाची अक्षरं कोरलेली होती. ही अंगठी लक्षात ठेवा.

मनी गावात एका गोऱ्याचं किराणा दुकान होतं. गिऱ्हाईक सगळं काळं, कापूस वेचणारं. २४ ऑगस्टला संध्याकाळी पोरं तिथं गेली. एमेट आत गेला. दुकानात मालकाची बायको एकटी होती. आत काय झालं याच्यावर आजवर वाद आहे. ती एक सांगते, पोरं दुसरं सांगतात. बाहेर आल्यावर त्यानं शिटी मारली, असं त्याची भावंडंच सांगतात. समजा मारली. चौदा वर्षांच्या पोराच्या शिटीची शिक्षा काय असते?

इथं थांबून एक बोलते, कारण हे बायांचं शिबिर आहे. तिथं बाईच्या अब्रूचं नाव पुढं करून पोराला मारलं. पण त्याच राज्यात काळ्या बायांवर गोऱ्या मालकांनी पिढ्यान् पिढ्या हात टाकले, तेव्हा कुणाची अब्रू गेली नाही. आपल्याकडं ऊसतोडीला गेलेल्या पोरीला मुकादम काय म्हणतो, ते आपण इथं काल ऐकलं. तिची अब्रू कुठल्या ठाण्यात लिहिलेली आहे? तेव्हा कुणी बाईच्या इज्जतीचं नाव घेऊन काठ्या काढल्या, की आधी विचारायचं, बाबा, कुठल्या बाईच्या?

२८ ऑगस्टच्या पहाटे, दोन-अडीचला, दुकानदार आणि त्याचा सावत्र भाऊ मोझ राईटच्या दारात आले. रॉय ब्रायंट आणि जे. डब्ल्यू. मिलम. हातात पिस्तूल आणि बॅटरी. शिकागोचा पोरगा कुठाय? म्हाताऱ्यानं विनवलं. म्हातारीनं पैसे देऊ केले. ऐकलं नाही. जाताना मिलमनं विचारलं, म्हाताऱ्या, वय किती तुझं? चौसष्ट म्हटल्यावर म्हणाला की आम्हाला ओळखलंस तर पासष्ट बघणार नाहीस.

तीन दिवसांनी टॅलाहॅची नदीत प्रेत सापडलं. गळ्याला काटेरी तारेनं जिनिंगचा लोखंडी पंखा बांधलेला, चौतीस किलोचा. आपण जिनिंगला कामाला जातो, तो पंखा आपण बघितलाय. चेहरा असा राहिलाच नव्हता. म्हाताऱ्यानं ओळखलं ते अंगठीवरून.

आता इथून आईची लढाई सुरू होते. आणि मला खरं इथूनच सांगायचंय.

तिथल्या शेरीफनं, म्हणजे तिकडचा मोठा फौजदार समजा, हुकूम सोडला की प्रेत आजच्या आज इथंच पुरा. खड्डा खणायला लागले पण. शिकागोत मेमीला कळलं. ती रडत बसली असती तर कोण नाव ठेवणार होतं? पण तिनं फोन लावायला सुरुवात केली. नातेवाईकांना, पुढाऱ्यांना, पेपरवाल्यांना. माझं पोर मला पाहिजे. एक नातेवाईक धावत गेला आणि पुरणं थांबवलं. प्रेत रेल्वेनं शिकागोला आलं, पण पेटी ठोकून, सील करून, आणि पेटी उघडायची नाही असं लिहून घेऊन. शिकागोत जो अंत्यविधीचं बघणारा होता तो म्हणाला, बाई, मी सही केलीय, मला उघडता येणार नाही. मेमी म्हणाली, मी सही केलेली नाही. मला हातोडा द्या, मी उघडते.

पेटी उघडली. तिनं पोराला पायापासून बघायला सुरुवात केली. पाय, गुडघे, हात, तिला माहीत असलेली एकेक खूण. मग तोंड. आईला आपलं पोर असं तुकड्या तुकड्यानं ओळखावं लागलं. तो माणूस म्हणाला, मी थोडं नीट करून देतो, बघवेल असं. ती नाही म्हणाली. जसं आहे तसंच राहू द्या, आणि झाकण उघडं ठेवा. त्यांनी माझ्या पोराचं काय केलं ते सगळ्यांनी बघावं.

चार दिवस प्रेत चर्चमध्ये ठेवलं होतं. हजारो माणसं रांग लावून बघून गेली. रस्ते भरले. बघून लोक चक्कर येऊन पडायचे, त्यांच्यासाठी खुर्च्या ठेवल्या होत्या. 'जेट' नावाचं काळ्या लोकांचं एक छोटं साप्ताहिक होतं, त्यात तो फोटो छापून आला. गोऱ्यांच्या मोठ्या पेपरांनी नाही छापला. म्हणून मी आपल्या या बुलेटिनला कमी समजत नाही. शाई हाताला लागते, अक्षर पुसट येतं, स्टेन्सिल फाटते, पण मोठ्या पेपरात जे येत नाही ते इथं येतं.

मेमीनं काय केलं ते समजून घ्या. खून करणाऱ्यांना काय पाहिजे होतं? नदीनं प्रेत पोटात घ्यावं. ते जमलं नाही तर शेरीफनं मातीत घालावं. तेही जमलं नाही तर सीलबंद पेटीत राहावं. तीन वेळा झाकलं. तिनं तीनही वेळा उघडलं.

सप्टेंबरात समनर गावात खटला चालला. त्या जिल्ह्यात शंभरातली साठाहून जास्त माणसं काळी. पण मतदार यादीत एकही काळा नाही, नावच लावू द्यायचे नाहीत. आणि ज्युरी, म्हणजे निकाल देणारे बारा जण, ते मतदार यादीतून निवडायचे. बायकांना ज्युरीत बसायला बंदी. म्हणजे बाराच्या बारा गोरे पुरुष. चोराचा निवाडा चोराच्या भाऊबंदांनी करायचा. गावातल्या पाचही वकिलांनी आरोपींचं वकीलपत्र घेतलं, फी न घेता. दुकानांतून डबे ठेवून त्यांच्यासाठी पैसे गोळा केले. कोर्टात काळ्या पत्रकारांना वेगळं टेबल, बाजूला. दूरच्या राज्यातून एक काळा खासदार आला होता, त्यालाही तिथंच बसवलं.

साक्षीदार कुठून आणायचे? सगळे मालकाच्या रानात, मालकाच्या खोपटात राहणारे. तेव्हा काळ्यांच्या संघटनेचे मेडगर एव्हर्स आणि आणखी काही जण मजुरांचे कपडे घालून कपाशी वेचणाऱ्यांत मिसळले आणि त्यांनी एकेकाला विचारून माणसं शोधली. कार्यकर्ता म्हणजे हे. जीपमधून उतरून भाषण करणारा नाही. (माझ्यासकट कोणी हसू नका.) विली रीड नावाचा अठरा वर्षांचा पोरगा मिळाला. त्यानं गोठ्यातून मारहाणीचा आवाज ऐकला होता. त्यानं कोर्टात सांगितलं. आणि मोझ राईट उभा राहिला. सरकारी वकिलानं विचारलं, रात्री कोण आलं होतं? म्हातारा खुर्चीतून उठला, हात सरळ केला आणि गोऱ्या माणसाकडं बोट दाखवलं. मिसिसिपीच्या कोर्टात, गोऱ्यांनी भरलेल्या. फोटो काढायला बंदी होती, पण एका काळ्या फोटोवाल्यानं लपून तो क्षण टिपला. त्यात म्हाताऱ्याचा हात बघा, थरथरल्यासारखा दिसत नाही.

मेमी पण गेली. लोक म्हणत होते जाऊ नको, तुलाही मारतील. ती वडिलांना घेऊन गेली. रात्री राहायला माऊंड बायू नावाच्या गावात, जे काळ्यांनी स्वतः वसवलेलं होतं. तिला साक्षीत काय विचारलं माहीत आहे? पोराच्या नावावर विमा होता का. किती पैशांचा. कुठला पेपर वाचतेस. म्हणजे आई खोटी, पैशासाठी आलेली, कुणीतरी शिकवलेली. आपल्याकडं पण बाई ठाण्यात गेली की पहिला प्रश्न, तुला कोणी पाठवलं? संघटनेनं का? मेमीनं एवढंच धरून ठेवलं की ते प्रेत माझ्या मुलाचं आहे, मी आई आहे, मला कळतं. कारण आरोपीच्या बाजूनं सांगत होते की ते प्रेत एमेटचं नव्हेच. शेरीफनं शपथेवर सांगितलं की प्रेत इतकं सडलेलं होतं की गोरं का काळं हेही कळत नव्हतं. आणि याच शेरीफनं ते काळ्यांच्या अंत्यविधीवाल्याच्या ताब्यात दिलं होतं.

ज्युरी आत गेली आणि सदुसष्ट मिनिटांत बाहेर आली. दोघंही निर्दोष. त्यातला एक जण नंतर म्हणाला की सोडा प्यायला थांबलो नसतो तर एवढाही वेळ लागला नसता. मेमी निकालाला थांबली नव्हती, तिला माहीत होतं.

पळवून नेल्याचा गुन्हा अजून बाकी होता. पोराला घरातून नेलं हे दोघांनी कबूल केलं होतं, फक्त सोडून दिलं म्हणत होते. त्या केसच्या सुनावणीआधी पेपरात एक बातमी फुटली. एमेटचा बाप दहा वर्षांमागं इटलीत सैन्यात असताना त्याला फाशी झाली होती, ती फाईल मिसिसिपीच्या पुढाऱ्यांनी बाहेर आणली. फाशी कशासाठी झाली हे बायकोला सरकारनं कधी कळवलं नव्हतं, आणि पोराच्या खुन्यांना वाचवायला ती फाईल लगेच सापडली. बाप तसा म्हणून पोरगा तसा. नोव्हेंबरमध्ये ती पण केस उभी राहू दिली नाही. मेमीनं राष्ट्राध्यक्षांना तार केली होती, उत्तर आलं नाही. दिल्लीसारखं त्यांचं वॉशिंग्टन, ते म्हणालं हा राज्याचा विषय आहे.

आणि जानेवारी १९५६ मध्ये त्या दोघांनी एका मासिकाकडून सुमारे चार हजार डॉलर घेऊन सांगून टाकलं की हो, आम्हीच मारलं. एकदा सुटलेल्यावर त्याच गुन्ह्याचा खटला परत चालत नाही, म्हणून बिनधास्त.

म्हणजे कोर्टात न्याय मिळाला नाही. मी खोटं सांगून तुमची समजूत काढणार नाही. पण मग एक गोष्ट झाली, ती कोर्टाच्या कागदात नाही. मनीच्या त्या दुकानात काळ्यांनी जाणं बंद केलं. सगळं गिऱ्हाईक तेच होतं. दुकान बसलं, विकावं लागलं. मिलमला रान करायला काळा मजूर मिळेना, जास्त मजुरी देऊन गोरे आणावे लागले. जमीन भाड्यानं द्यायलाही लोक मागेपुढे करू लागले. कोणी काठी उचलली नाही. नुसते गेले नाहीत. आपल्या शहाद्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, १९७२ च्या आसपास सालदारांनी आणि मजुरांनी एकत्र येऊन काम थांबवलं तेव्हा बागायतदारांचं काय झालं होतं. ते सांगतील.

आणि नोव्हेंबरच्या शेवटी माँटगोमेरी नावाच्या शहरात, मार्टिन ल्युथर किंग नावाचा सव्वीस वर्षांचा धर्मगुरू होता त्या चर्चमध्ये, एका डॉक्टरनं एमेटच्या खुनाबद्दल भाषण केलं. खटल्याच्या वेळी मेमीला आपल्या घरी ठेवून घेणारा हाच तो. ऐकायला रोझा पार्क्स नावाची शिवणकाम करणारी बाई बसली होती. चारच दिवसांनी, १ डिसेंबरला, तिनं बसमध्ये गोऱ्यासाठी जागेवरून उठायला नकार दिला. पुढं ३८१ दिवस काळी माणसं त्या शहरात बसनं गेली नाहीत, पायी गेली. हे सगळं एका फोटोमुळं झालं असं मी म्हणत नाही, माणसं आधीपासून तयारी करत होती. पण ज्यांनी तो फोटो बघितला त्यांना परत आधीसारखं झोपता आलं नाही.

आता एक कडू गोष्ट. ती पण सांगायला पाहिजे, कारण ती आपल्यासारख्या संघटनांबद्दल आहे. काळ्यांची जी मोठी संघटना होती, तिनं मेमीला गावोगाव भाषणाला नेलं. सभा भरायच्या, पैसा गोळा व्हायचा, सभासद वाढायचे. ती बाई कामावरची होती, पगार बुडत होता. पुढच्या लांबच्या दौऱ्यासाठी तिनं पैसे मागितले. पुढारी म्हणाले, पोराच्या नावावर कमवायला निघाली. तिचा दौरा रद्द केला, तिच्या जागी म्हाताऱ्या मोझ राईटला पाठवलं. मला हे वाचून राग आला, अजून येतो. आईनं पोर दिलं, झोप दिली, नोकरीचे दिवस दिले, आणि भाड्या-जेवणाचं, घरखर्चाचं मागितलं तर ती लोभी? मोर्चात पुढं उभी करायला आई पाहिजे, आणि तिच्या घरात चूल पेटते का हे बघायला कुणीच नको?

आणि साक्षीदार! मोझ राईटनं मिसिसिपी सोडलं. इतकी वर्षं कसलेलं रान, ओळखीचं चर्च, सगळं मागं टाकून शिकागोला गेला. म्हातारी तर त्या रात्रीच घर सोडून गेली ती परत आलीच नाही. विली रीड पण शिकागोला पळाला आणि तिथं त्याचं मन आजारी पडलं, दवाखान्यात ठेवावं लागलं. मेडगर एव्हर्सला १९६३ साली त्याच्या घराच्या दारात गोळी घातली. मारणाऱ्याला शिक्षा कधी झाली? १९९४ साली, आत्ता दोन वर्षांमागं. एकतीस वर्षं त्याची बायको मागं लागली होती तेव्हा.

मेमीनं पुढं काय केलं? कॉलेजात गेली, १९६० साली पदवी घेतली, शिकागोच्या शाळेत १९८३ पर्यंत शिकवलं. पोरांचं एक पथक काढलं, एमेटच्या नावाचं, त्यांना भाषणं पाठ करायला लावते, उभं राहून मोठ्यानं बोलायला शिकवते. सत्तरी उलटली, अजून बोलते, केस परत उघडा म्हणते. एक बाई, चाळीस वर्षं.

आता आपल्याकडं येते. गेल्या हंगामात आपल्या एका पाड्यातला पोरगा उसाच्या रानात कामाला होता. मोटरीची केबल चोरली असा आळ आला, रात्री काही जण घेऊन गेले, सकाळी पाटचारीत सापडला. त्याची याहा इथं बसलीय. मी तिला विचारलं, बोलू का? ती म्हणाली, नाव नको, पण बोल. ठाण्यात 'पिऊन पडला, अकस्मात मृत्यू' असं लिहिलं. क्रियाकर्माला कुणीतरी पैसे धाडले आणि निरोप दिला की लवकर उरका. शेरीफचा हुकूम आणि हा निरोप, दोन्ही एकच. पोस्टमार्टेमचा कागद तिला अजून मिळालेला नाही. आणि आपल्यातलेच काही म्हणतात, झालं ते झालं, आता ज्वारी काढायची आहे, त्याच रानात कामाला जायचंय.

त्यांना मी वाईट म्हणत नाही. पोट आहे. पण म्हणूनच पुढचं नीट ऐका, आणि आपल्या पाड्यावर जाऊन सांगा. असं प्रेत सापडलं तर पंचनाम्याला आपली माणसं पंच म्हणून उभी राहिली पाहिजेत, वाचून दाखवल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही. अंगावरची प्रत्येक जखम कोणीतरी वहीत लिहायची. फोटोवाला तालुक्यावरून आणायला पैसे लागले तर संघटनेला कळवायचं. शंका असेल तर जाळायची घाई करायची नाही, राखेची तपासणी होत नाही. ठाण्यात फिर्याद घेतली तर तिची नक्कल फुकट मिळते, मागून घ्यायची. घेतच नसतील तर तीच फिर्याद लिहून रजिस्टर पोस्टानं एस.पी.ला पाठवायची, कायद्यात तशी सोय आहे, आणि पोस्टाची पावती जपून ठेवायची. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे, त्याचे नियम गेल्या वर्षी आले. त्याप्रमाणे तपास डी.वाय.एस.पी. दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो, हवालदारानं नाही. हे ठाण्यात गेल्यावर मोठ्यानं म्हणायचं.

या याहाची फिर्याद काल रात्री आम्ही तिच्याच शब्दांत लिहून काढली. सोमवारी ती घेऊन एस.पी. ऑफिसला जायचंय, येणाऱ्यांनी ताईंकडं नावं द्या. आणि त्या रात्री ज्यांनी बघितलं, त्यातले दोघं साक्ष द्यायला तयार झालेत. दोघंही त्याच मालकाकडं कामाला होते, म्हणजे उद्यापासून काम बंद. त्यांना गाव सोडून सुरतेला जायची पाळी आणायची नसेल तर पावसाळा येईपर्यंत त्यांच्या घरी धान्य पोचलं पाहिजे. एका घरात सात माणसं आहेत, दुसऱ्यात पाच. कोणत्या पाड्यावरून किती पायली ज्वारी निघेल, ते आत्ताच लिहून घेऊ. वही कोणाकडं आहे?